पांढरीच्या गळ्यातली घंटा

या, असे पुढे सरकून बसा. दाराजवळची जागा उशिरा येणाऱ्यांसाठी राहू द्या. आज एका घंटेची गोष्ट ऐका.

नर्सबाई तबेल्याच्या फाटकातच थबकल्या. सुतारदादांच्या पांढऱ्या घोडीच्या गळ्यात घंटा होती. काल नव्हती.

"पाहिलंत ना?" पोस्टमन कुजबुजला. त्याचा घोडा शेजारच्याच ठाणात असायचा. "म्हणजे काळ्याचं आटोपलं म्हणायचं."

घोडेवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. जोडीतल्या एकाची नजर गेली की दुसऱ्याच्या गळ्यात घंटा बांधतात. आंधळा त्या आवाजामागून चालतो. सुतारदादांची जोडी होती पांढरी आणि काळा. आणि काळ्याच्या उजव्या खांद्याची कातडी फाटकाच्या खांबाला घासून घासून सोलली होती.

तोच काळा सुतारदादा नर्सबाईंच्या नातीला देणार होते. तोही फुकट. रविवारी त्याच्यावर बसून ती ओढ्यापलीकडे जाणार होती. पोरगी आठवडाभर नवे बूट उशाशी घेऊन झोपत होती.

"माणूस बदललाय," पोस्टमन म्हणाला. "परवा मी त्यांची बादली जागेवरून नुसती हलवली, तर केवढे खेकसले माझ्यावर. काहीतरी लपवतायत. तुम्ही सरळ तोंडावर विचारा."

"असं विचारत नाहीत हो. माणूस दुखावतो."

आजाऱ्यांना वाईट बातम्या सांगण्यात नर्सबाईंचा जन्म गेला होता. कुणाच्या घोड्याचा नाल सैल झालाय हे सांगायचं असलं, तरी त्या आधी शेपटीचं कौतुक करत. म्हणून तर तबेल्यात त्यांचा सल्ला कुणाला बोचत नसे.

सुतारदादा काळ्याला खरारा करत होते.

"कोण, नर्सबाई का? या."

मान काही वळली नाही. पूर्वी हाच माणूस टोपी काढून समोर यायचा. हल्ली नजरेला नजर देत नव्हता.

"काळा काय तुकतुकीत ठेवलाय तुम्ही," नर्सबाईंनी सुरुवात केली.

"रोजचा हात आहे ना अंगावर."

"खांद्याला तेवढं लागलंय."

"त्याची चूक नाही. फाटक अरुंद आहे."

"फाटक पहिल्यापासून तेवढंच आहे, दादा."

खराऱ्याचा आवाज थांबला.

"मी आपलं म्हणते," बाई आणखी हळू झाल्या, "वय झालं की डोळे एकदा दाखवून घ्यावेत. त्यात कमीपणा कसला?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? घंटा ऐकू येते की."

सुतारदादा काळ्याच्या पाठीवर तळहात टेकून उभे राहिले. "पोराच्या कानावर जाऊ देऊ नका, बाई. दोन्ही जनावरं विकायला लावेल तो मला."

"आणि तरी काळा माझ्या नातीला देताय?"

"म्हणूनच देतोय."

इतकं शांतपणे सांगावं कुणी? नर्सबाईंच्या ओठांवर आलेले शब्द साधे नव्हते. त्यांनी ते गिळले. आधी पुरती खात्री करायची, मग बोलायचं. आणि म्हाताऱ्याच्या देखत त्याच्या जनावराची परीक्षा घ्यायची नाही.

"येते मी," त्या म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. सुतारदादा पाठमोरे होऊन खरारा खुंटीला अडकवू लागले, तेवढ्यात बाईंनी कमरेचा पांढरा रुमाल काढला आणि काळ्याच्या उजव्या डोळ्याजवळून झर्रकन फिरवला.

काळ्याने पापणी मिटून मान मागे घेतली.

डाव्या डोळ्याजवळून फिरवला. पुन्हा तेच. वर असं नाक फुरफुरवलं, की या बाईला आज झालंय तरी काय.

नर्सबाई गोंधळल्या. मग पांढरी? त्यांनी रुमाल तिच्यापुढे धरला. तिने कान मागे पाडले आणि रुमालाचं टोकच दातांत धरलं. ते सोडवून घेईपर्यंत सुतारदादा वळले होते.

आता लपायला जागा नव्हती. दारातलं ऊन सरळ बाईंच्या अंगावर पडलं होतं. हातात रुमाल तसाच होता. इतकी वर्षं जपलेलं नाव आज जाणार, असं त्यांना वाटलं.

सुतारदादांनी पांढरीचा दोर धरला. घंटा वाजली. दुसरा हात भिंतीवरून सरकवत ते तिच्याबरोबर चालत आले आणि बाईंच्या पुढ्यात, अगदी हातभर अंतरावर येऊन थांबले. चेहरा बाईंकडेच होता.

"फार जीव लावतात गं नर्सबाई," ते पांढरीला म्हणाले. "नीट निरोपही घेतला नाही मी, आणि त्या निघून गेल्या."

संध्याकाळी हात जोडाल तेव्हा त्या पांढरीची आठवण असू द्या.