फुरसत नव्हे, पुरसिस

"साहेब, प्रतिवादीतर्फे पुरसिस," असं म्हणत समोरच्या वकिलानं एका ओळीचा कागद पुढं केला, आणि मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारला. पुन्हा फुरसत मागितली!

प्रतिवादी म्हणजे तिचा दीर, नानासाहेब. भाऊ बद्रीनाथ वारला आणि नाना सांगू लागला, की या बाईशी भावाचं लग्न कधी लागलंच नव्हतं. जमिनीतला वाटा तर त्यानं अडवलाच. पण तिला झोंबलं ते त्याचं बोलणं. गावच्या पारावर, एसटीत, शहागंजच्या बाजारात, नाना बोलतच राहिला. त्याच्या तोंडापुढं कुणाचं चालत नसे. मनकर्णाबाईनं लग्नकार्याला जाणं सोडलं, मग दावा लावला. आज औरंगाबादच्या कोर्टात नानाला पिंजऱ्यात उभं राहून तेच सांगायचं होतं.

"आजून किती फुरसत देता त्याला?" ती बाकावरनं ओरडली. पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

तिच्या वकील मीनाक्षीताई खाली वाकल्या. "फुरसत नाही हो मावशी, पुरसिस. कोर्टाला काही कळवायचं असलं, की थोडक्यात लिहून देतात, तो कागद. कुणी लिहितं तडजोड झाली, कुणी लिहितं दावा चालवायचा नाही."

"मंग यानं काय लिव्हलं?"

"मला साक्षीपुरावा द्यायचा नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे गावभर जे बोलले, ते शपथेवर बोलायची तयारी नाही. आता फक्त युक्तिवाद, मग निकाल."

मनकर्णाबाईनं नानाकडं पाहिलं. तो टोपी चाचपत जमिनीकडं बघत होता. नाना, आणि गप! तिला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. मीनाक्षीताईंनी तिला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. तिथं तर ती खांबाला टेकून डोळ्यांतनं पाणी येईतो हसली. "येवढा बोलका मानूस, आन् लिहून देतो, मला बोलायचं नाय!" चहावाला थांबला. आपापल्या तारखांना आलेली माणसं गोळा झाली. कशाला ते न कळता दोन-तीन बायाही तिच्यासंगं हसू लागल्या. मीनाक्षीताईंनी तोंडावर फाईल धरली.

तेवढ्यात नाना बाहेर आला. गर्दी बघून पुरता कानकोंडा झाला. तरातरा पुढं होऊन, सगळा व्हरांडा ऐकेल अशा आवाजात तो ओरडला,

"आता बास करा की, वहिनी! लोक बघायलेत."