मुलाण्याची रीत

शेळी पाण्याला तोंड लावीना.

"पी गं बये!" बलभीम करवादला. त्यानं घमेलं पुढं सरकवलं. शेळीनं मान फिरवली. रस्त्यावर गाड्या जुंपून उभ्या होत्या. रझाकारांच्या धास्तीनं आळीच्या आळी निजामाची मोगलाई सोडून बार्शीकडं निघाली होती. या भाकड म्हातारीला आता कोण सांभाळणार? कापून वाटेला कालवण करावं, असं ठरवून बलभीमनं ती काल सांजच्यालाच मुलाण्याच्या दारात बांधली होती.

लाडलेसाब मुलाणी उंबऱ्यावर बसून होता. गावच्या बकऱ्यांवर बापआज्यापासून त्याच्याच घराण्याची सुरी चालायची. पण हे आठ दिवस त्याला खाऊन गेले होते. जो तो गाव सोडताना जनावर आणून टाकत होता. गाभण शेळ्या, दूधपिती करडं, काही म्हणून बाकी नाही. हात भरून आले होते आणि मन तर पार विटलं होतं. या मुक्या जिवांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? सुरी त्यानं पाठीमागं ठेवली होती, जनावराला दिसू नये म्हणून.

शेळीजवळ बलभीमची बायको गजराबाई बसली होती. शेळीची दाढी पदरात धरून ती आल्यापासून नाक ओढत होती.

"चाचा, एक दिस ऱ्हाऊ द्या तुमची पाणी पाजायची रीत. गाड्या निघाल्या," बलभीम म्हणाला.

"न्हाय बाबा. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजलं म्हणून पापी माणसाला जन्नत मिळाली, असं आमच्यात सांगत्यात. अन् म्या कोरड्या नरड्यावर सुरी फिरवू व्हय? पिऊ दे. मग कापतो."

बलभीमनं शीळ घातली, चुचकारलं, कान धरून ओढलं. शेळी ढिम्म. रस्त्यावरून हाका आल्या.

"घ्या मग तुमच्याच गळ्यात! चारा बी तुमचा अन् तिचं म्हातारपण बी तुमचंच!" असं म्हणत तो गाडीकडं पळाला.

लाडलेसाबनं श्वास सोडला. ही दोघं यायच्या जरा आधीच त्यानं शेळीला पोट टम्म होईस्तोवर पाणी पाजलं होतं. खोटं काही तो बोलला नव्हता. घरात खाणारं एक तोंड वाढलं. वाढू दे. तो इतका थकला होता, की उठून दावं सोडायचंही त्याच्यात त्राण नव्हतं.

गजराबाई उठली. तिचे डोळे कोरडेच होते. पदराचं ओलंचिंब टोक तिनं पिळलं.

"चाचा, पाजल्यावर दाढी तरी पुसायची," ती हळूच म्हणाली. "आमी आलो तवा ठिबकत व्हती."