यादीतला सहावा फोन

फोनवरच्या खेळातून मायलीन पुन्हा बाहेर फेकली गेली. चौघी खेळात आणि पाचवीच्या पडद्यावर नुसतं चाक फिरतंय.

“मी काही केलं नाही गं,” ती रडकुंडीला आली होती. “हातसुद्धा लावला नाही.”

“तुला कोण बोलतंय?” जोवेलिन म्हणाली. एक डाव जिंकला होता, एक हरला होता. तिसरा बारा मिनिटांत सुरू व्हायचा, आणि तेव्हा पाचही जणी हजर नसल्या तर तो न खेळताच समोरच्या पोरींना जाणार. जिंकणाऱ्या पाच जणी पगारी खेळाडू म्हणून मनिलाला. हरली तर जोवेलिन सोमवारी सेबूच्या एजन्सीत सही करून कुवेतला, घरकामाला. “हरले तर तोंडातून एक शब्द न काढता जाईन,” असं तिनेच मावशीला सांगून ठेवलं होतं. मावशीने बॅग भरूनही ठेवली होती.

तीन घरांत मिळून एकच वायफाय. त्याचा डबा मावशीच्या घरात, पण त्याची नाडी कळायची ती एकट्या जोवेलिनला. गेल्या वादळात मोबाइलचा टॉवर आडवा झाल्यापासून गल्लीत दुसरं काही चालतच नव्हतं. तिने डबा बंद करून चालू केला. तार काढून पुसली, परत खोचली. मावशीच्या फ्रिजचा प्लगसुद्धा उपटला. आतल्या मासळीचं काय व्हायचं ते होवो. मायलीनने दोनदा क्रूस काढला. चाक आपलं फिरतंच होतं.

शेवटी तिने डब्याची यादी उघडली. जोडलेले फोन सहा. पाच त्यांचे. सहाव्याला नाव नव्हतं, नुसते आकडे, आणि निम्म्याहून जास्त वेग तो एकटाच खात होता.

“शेजारचा,” पाचांतली दायदाय म्हणाली. शेजारी तेम्योंग आजोबांचं, गल्लीच्या लोलोचं, प्रेत सात दिवसांपासून बैठकीत होतं, आणि त्याला सोबत म्हणून माणसं रात्रंदिवस पत्ते कुटत बसली होती.

“कोंबड्यांची झुंज बघत असेल कुणीतरी,” जोवेलिन फणकारली. “मढ्यापुढे बसून. लाज म्हणून नाही.” तिने सहाव्यावर बोट ठेवलं आणि तो बंद केला.

खेळाच्या कोपऱ्यातले, नेट किती अडतंय ते दाखवणारे आकडे झरझर उतरले, लालाचे हिरवे झाले. मायलीन आत आली. पाच जणींची पाच चित्रं एका ओळीत उभी राहिली, तेव्हा दायदायने जोवेलिनच्या पाठीत असा धपका घातला की फोनच पडायचा. डावाला सहा मिनिटं होती.

“जोवेलिन, अगं ए जोवेलिन.”

फाटकापाशी लोला पासिंग उभी होती, लोलो तेम्योंगची बायको, गल्लीची आजी. भर उन्हात, अनवाणी. आत येत नव्हती. मयताच्या घरातून उठून थेट दुसऱ्याच्या घरात शिरायचं नसतं, मरण मागोमाग येतं. सात दिवसांत झोप नसलेली म्हातारी एवढं मात्र विसरली नव्हती.

“नेट गेलं बघ,” ती म्हणाली. “आत्ता होतं. अडखळत होतं, पण दिसत होतं. आता सगळं काळं.”

“कुणाला दिसत होतं, लोला?”

“अर्सेलीला, तिकडे कुवेतला. दुसऱ्या कुणाला? फोन पेटीपाशी बांधून ठेवलाय ना. पाद्री येऊन बसलेत, दोनला उचलायचं. पेटी बंद व्हायच्या आत बापाचं तोंड बघते म्हणते. मालकिणीने अर्धा तास दिलाय, बाथरूममध्ये दार लावून बसलीये पोर.”

जोवेलिनने पडद्यावरची वेळ बघितली. चार मिनिटं.

“बघते, लोला,” तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. “वीसेक मिनिटं लागतील.”

“वीस मिनिटं कुठली गं.” म्हातारी फाटकाचा गज धरून उभीच. “तुलाच कळतं हे. आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलोय नुसते.”

मागून दायदाय कुजबुजली, “देऊ नकोस. मी पाया पडते तुझ्या. नंतर रेकॉर्डिंग बघेल ती.”

“रेकॉर्डिंग कोण करतंय तिथे?” मायलीन म्हणाली.

नेट सारखं जातं, लोला. एवढंच म्हणायचं होतं. कुणाला संशयसुद्धा आला नसता. जोवेलिनने तोंड उघडलंही.

“काल तुझं सांगितलं मी अर्सेलीला,” लोला पासिंग म्हणाली. “म्हटलं, आपली जोवेलिन येतेय तिकडे, लक्ष ठेव. ती म्हणाली, पाठवा. लोक वाईट नाहीत म्हणाली, जेवायला देतात. फक्त सोडत नाहीत.”

पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले होते. समोरच्या पाचही जणी तयार होत्या.

जोवेलिनने यादी उघडली. बोट दोनदा भलतीकडेच लागलं. तिसऱ्यांदा तिने सहावा फोन मोकळा केला.

“बघा आता,” ती म्हणाली. “आलं असेल.”

म्हातारी लगबगीने वळली. हिरवे आकडे चढत गेले, लाल झाले. मायलीनच्या पडद्यावर चाक फिरू लागलं, मग दायदायच्या, मग जोवेलिनच्याही. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिला वाटलं, यांनी शिव्या द्याव्यात, काहीतरी बोलावं.

शेजारी प्रार्थनेसाठी आणलेल्या मोठ्या स्पीकरमधून एकदम अर्सेलीचा आवाज आला. ती बापाला हाका मारत होती. आवाज कुठेही तुटत नव्हता.