आगोटीची बेगमी

आगोटीचे, पावसाच्या तोंडावरचे दिवस होते. ओटीवरची हवामानाची पेटी बोलू लागली तशी कोकमं वाळत घालणारी सगुणा थांबली. पेटी घराघराचा वेगळा अंदाज सांगायची आणि तो कधीच खोटा ठरला नव्हता.

“यंदा पाऊस जोराचा आहे. घर शाकारून घ्या. लाकडं, तांदूळ, सुकी मासळी दोन माणसांपुरतीच भरा.”

घरात माणसं तीन होती. गेल्या वर्षी शेजाऱ्यांकडे पेटीने असंच एक माणूस कमी धरलं, आणि श्रावणात त्यांचा धाकटा भाऊ वहाळाच्या पुरात वाहून गेला.

झोपाळ्यावरचे सासरे, आबा, खोकता खोकता हसले. “तोंडं कसली पाडताय? पिकलं पान गळायचंच. सगुणा, माझी घोंगडी धुऊन ठेव, रघूला होईल.”

सगुणाचे डोळे भरून आले. पण आतून तिला सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

कौलं परतायला रघूने, तिच्या नवऱ्याने, शिडी लावली. तेवढ्यात पेटी पुन्हा बोलली, “आबांचं दम्याचं औषध दिवाळीपर्यंत पुरेल एवढं आणून ठेवा.”

आबांचा झोपाळा थांबला. रघूने शिडीवर ठेवलेला पाय हळूच खाली घेतला आणि सगुणाकडे पाहिलं. ती केव्हाची त्याच्याकडेच पाहत होती.