दोनशेवी पायरी

मागल्या वर्षी माझे गुडघे बदलले आणि यंदा ह्यांचे गेले. डॉक्टरांनी ह्यांना बजावलं, दोनशेच्या वर पायऱ्या चढायच्या नाहीत. पण एक रात्र तरी डोंगरात काढायचीच, हा ह्यांचा हट्ट. मग बेत मी आखला. एकटीच बसनं फर्दापूरला गेले, तिथल्या एका टेकडीच्या पायऱ्या मोजल्या, वरच्या देवळाच्या ओसरीत झोपायचं ठरवून आले. दोनशेव्या पायरीला विसाव्याची पत्र्याची शेड आहे, ती झाडूनसुद्धा घेतली. हे आमच्या गारखेड्यात सगळ्यांना सांगत सुटले, "रत्नमालाला माझी लई काळजी."

शनिवारी उन्हं कलताना चढायला लागलो. शेडपाशी हे गुडघे धरून मटकन बसले.

"अजून किती हाय गं?"

"ऐंशी."

"मला नाय जमायचं. तू मोजून आलती ना?"

"व्हय. नीट मोजून आलते."

मी दोन्ही पिशव्या त्यांच्याजवळ ठेवल्या. चादर अंथरली, डबा आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवली, आणि माझी काठी उचलली.

"तू कुठं निघाली?"

"वर. सूर्य बुडताना बघायचाय. झोपायची सोय पण वरच केलीय, एकटीची."

"अन् मी काय करू इथं?"

"तुम्ही मित्रांसंगं गडावर जायचे अन् मला पायथ्याला बसवायचे, तेव्हा मी करायची तेच. पिशव्या सांभाळा. सकाळी उतरले की फोटो दाखवते."