लेकीच्या डोक्यावर

महाडच्या कोर्टाबाहेर मुरारी उभा होता. “वर्षभर राब, परमनंट करतो,” असा शब्द कारखान्याच्या शेठनी दिला होता. पण वर्ष सरताच त्यांनी त्याला काढून टाकलं. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. दावा टिकणार नाही, असं वकीलही म्हणाले. तेव्हा तो शेठसमोर गेला. “लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, असा शब्द दिलाच नाय. मी केस मागं घेतो.” त्याच्या कुडपण गावात पोटच्या पोराची शपथ घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. शेठनी हसत गाडीतल्या पोरीला हाक मारली. लाल रिबिनींच्या वेण्या उडवत ती धावत आली. डोक्यावर हात पडताच, बाबा लाड करताहेत असं वाटून ती खुदकन हसली. शेठनी तोंड उघडलं. मुरारीच्या अंगावर काटा आला. “हात काढा, शेठ!” तो ओरडला. “नको मला नोकरी.”