चाळीस चिपा

तीन वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातल्या साहेबाने भर लाईनवर ताईला उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिच्या सोल्डरिंगमुळे अख्खा लॉट फुकट गेला." त्या दिवसापासून ताई घरी बसली. पुन्हा तिने सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही.

धाकटीने मात्र डूख धरला. तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच लॉटचे बंद पडलेले बोर्ड तिने भंगारवाल्याच्या मागे लागून मिळवले आणि आधी भिंगाखाली सोल्डरचे जोड तपासले. ते एकदम पक्के होते. मग तिने गरम हवेने एक चिप अलगद उचलली आणि द्रावणाने पुसली. वरची छपाई कापसाच्या बोळ्यावर उतरली आणि खालून दहा वर्षांपूर्वीचं साल वर आलं. खरेदी साहेबाच्याच हातात होती. जुन्या, वापरलेल्या चिपा त्याने नव्या म्हणून खपवल्या होत्या.

तशा चाळीस चिपा तिने मालकापुढे मांडल्या. "साहेबांना इथे नका बोलावू," ती म्हणाली, "लाईनवर बोलवा."

सगळ्यांदेखत साहेबाचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो गेटबाहेर जाईपर्यंत ती त्याच्याकडे डोळे भरून बघत राहिली.

घरी येऊन तिने ताईला सगळं रंगवून सांगितलं. "तुझी चूक नव्हतीच गं! आता माझी खात्री पटली."

कपड्यांच्या घड्या घालणारी ताई थांबली.

"आत्ता पटली?"